जामीन, कफील आणि दुबईची अनामत

दुबईतल्या करारात इंग्रजी आणि अरबी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असतो. दोन्हींत तफावत निघाली, तर तिथल्या सरकारी कोर्टात अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. म्हणून इंग्रजी वाचून सही करणाऱ्या मराठी माणसाने समोरच्या रकान्यातले हमीचे मोजके शब्द तरी ओळखायला हवेत.

त्यातला एक चिंचपोकळीच्या चाळीतही रोजच्या बोलण्यात आहे. पतपेढीच्या कर्जाला जामीनदार लागतो आणि हप्ते थकले की वसुली त्याच्या पगारापर्यंत येते, हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. हा ‘जामीन’ मूळचा अरबी ‘दामिन’. त्यातल्या जड ‘द’चा फारसीत ‘ज’ झाला आणि तसाच तो मराठीत आला. याच धातूचा ‘दमान’ दुबईत फ्रिजच्या वॉरंटी कार्डावर असतो आणि बँक गॅरंटीच्या कागदावरही. इंग्रजी कायदा वॉरंटी आणि गॅरंटी वेगळ्या मानतो. अरबीत दोन्हींना हा एकच शब्द चालतो, तेव्हा नेमके कोण कशाला बांधील आहे ते पुढची वाक्ये वाचूनच ठरवावे लागते.

‘कफील’ मात्र मराठीत आलाच नाही. इंग्रजी रकान्यात त्याच्या जागी ‘स्पॉन्सर’ असतो. स्पॉन्सर म्हटले की मंडळाच्या कार्यक्रमाला पैसे देणारा डोळ्यांसमोर येतो, पण कफील म्हणजे परक्या माणसाबद्दल सरकारला जबाब देणारा हमीदार. कामगाराचा व्हिसा आणि राहण्याचा परवाना त्याच्याशी बांधलेला, म्हणून कित्येक मालक पासपोर्टही स्वतःकडेच ठेवत. गहाणाला अरबीत ‘रहन’ म्हणतात. पासपोर्ट ही काही रहन ठेवण्याची वस्तू नव्हे. २०२१ च्या कामगार कायद्यानेही मालकाला कामगाराची कागदपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे.

सर्वांत जास्त घोटाळा ‘तअमीन’ या शब्दात होतो. त्याचा धातू अ-म-न, म्हणजे आपली ‘अनामत’ ज्या ‘अमानत’मधून आली तिचाच. तअमीन म्हणजे अनामत रक्कम आणि तअमीन म्हणजेच विमा. फ्लॅटमध्ये वीज-पाण्याची जोडणी घेताना भरायचे २,००० दिरहम ही अनामत; खाते बंद करताना शेवटचे बिल वळते करून उरलेले परत मिळतात. विम्याचा हप्ता परत मिळत नाही. २०१८ पूर्वी मालकाला दर कामगारामागे ३,००० दिरहमची बँक गॅरंटी ठेवावी लागे. त्या वर्षी तिच्याऐवजी स्वस्त विम्याची सोय झाली, आणि या विम्याचे नावही तअमीनच. पागडीच्या खोलीत वाढलेल्याला हा भेद चटकन कळतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली, पण म्हणून ती परत मिळणारी अनामत झाली नाही.

घरमालक भाड्यापोटी पुढच्या तारखांचे चेक घेतो, तर कर्ज देणारा बऱ्याचदा ‘शीक दमान’, म्हणजे हमीचा चेक मागतो. २ जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे नाहीत एवढ्याच कारणाने चेक परत गेला, तर सहसा फौजदारी गुन्हा होत नाही. पण चेक धरणारा थेट अंमलबजावणी न्यायालयात वसुलीसाठी जाऊ शकतो, आणि तिथून देश सोडण्यावर बंदीही येऊ शकते. रकमेची जागा कोरी ठेवून अशा चेकवर सही करू नये.