फाटक गेले, शिट्टीही गेली

आमचे घर श्रीरामपूर तालुक्यात, दौंड-मनमाड रेल्वेमार्गापासून जेमतेम दोनशे पावलांवर. हा मार्ग 1878 चा. अब्बांना फजरला उठायला घड्याळ लागत नसे, पहाटेच्या गाडीची शिट्टी पुरे.

पण त्याच शिट्टीवर आम्ही एकदा चिडलो होतो. अब्बा आजारी, थोरली दहावीला, आणि रात्रभर मालगाड्या. रात्रीची शिट्टी बंद करावी असा गल्लीने अर्ज केला. मजकूर आमचाच, सहीही सर्वांत वर. स्टेशनकडे निघालो तर वाटेत फाटकावरच्या गेटमनचाचांनी अडवले आणि रुळाकडेचा दूरचा पिवळा बोर्ड दाखवला. त्यावर 'सी/फा', म्हणजे सीटी, फाटक. इतकी वर्षे तो दिसत होता, अर्थ कधी विचारला नव्हता. फाटकाच्या अलीकडे सुमारे 600 मीटरवर हा बोर्ड असतो आणि तिथून फाटक ओलांडेपर्यंत ड्रायव्हरने शिट्टी द्यायची असते. "सर, त्याची मर्जी नसते, नियम असतो. भरधाव गाडी काय जागच्या जागी थांबते होय?" चाचा म्हणाले. अर्ज घडी करून परत आणला.

पुढे फाटकाच्या जागी भुयारी मार्ग झाला. फाटक गेले, घंटा गेली, काही दिवसांनी बोर्डही दिसेना. अम्मी म्हणाल्या, "या अल्लाह, आता कुठे डोळा लागतोय." आम्हालाही बरेच वाटले, खोटे कशाला बोला?

पहिल्याच मोठ्या पावसात भुयारात कमरेइतके पाणी साचले. शाळेची पोरे पुन्हा जुन्या वाटेने, रुळांवरून येऊ लागली. डिझेल इंजिनाची धडधड दुरून कळायची. विजेचे इंजिन जवळ येईपर्यंत कळत नाही. त्यात आता रूळ दोन. एक मालगाडी खडखडत असली की दुसऱ्या रुळावरचे काहीच ऐकू येत नाही. आमच्या सातवीतला एक मुलगा असाच मालगाडी सरताच धावला, आणि पलीकडून दुसरी गाडी. तिच्या ड्रायव्हरने तुटक तुटक शिट्या एकामागून एक दिल्या. पोरगा दचकून मागे खडीत पडला. गुडघा फुटला, एवढ्यावर निभावले, अल्हम्दुलिल्लाह. त्याला हळद लावताना आमचेच हात थरथरत होते.

26 एप्रिल 2018 ला उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ बिनचौकीदार फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेने उडवले, 13 मुले गेली. गाडीच्या चालकाच्या कानात इअरफोन होते, असे तेव्हा सांगितले गेले. म्हणजे शिट्टी वाजूनही भागत नाही, ऐकणारा कानही हवा. जानेवारी 2019 पर्यंत ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटके संपली, ते चांगलेच झाले. आमची तक्रार भुयाराबद्दल नाही, त्यातल्या पाण्याबद्दल आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिले: रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार गुन्हा. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मग पाणी असेल तेव्हा शाळेला यायचं कसं?" आम्ही फळा पुसत राहिलो.

या मे महिन्यात नवा अर्ज लिहिला. पावसाआधी भुयारात पंप बसवावा, आणि तोवर जुन्या जागी शिट्टी वाजावी, रात्रीसुद्धा. अम्मींनी उर्दूत सही केली. झोपेचे काय, असे विचारले तर म्हणाल्या, "दुपारी झोपेन मी."