सहा मात्रांच्या मागावर

नागपूरहून मडगावची थेट गाडी सुटली. वर्धा, अकोला, भुसावळ मागे टाकत ती रात्रीतून पुढे सरकली आणि दुसऱ्या दिवशी कोकणातले बोगदे सुरू झाले. शेजारी गिटार होती आणि डोक्यात स्पॅनिश गिटारवादक गास्पार सान्झचं ‘कानारिओस’. १६७४ च्या त्याच्या पुस्तकातला हा नाच कॅनरी बेटांच्या नावाने ओळखला जातो. त्यात सहा ठोके कधी तीन-तीनचे होतात, कधी दोन-दोन-दोनचे. बोटांना ते जमत होतं, अंगात मात्र उतरत नव्हतं.

सान्झपासून तारेगाच्या माझुर्का आणि व्हिला-लोबोसच्या शोरोंपर्यंत अभिजात गिटारचं केवढं तरी भांडार नाचातून आलं आहे. आपल्याकडे गिटार आणि नाच एकाच दिवाणखान्यात नांदले ते गोव्यात, म्हणून मी ही वाट धरली.

सकाळी मडगावहून चांदोर गाठलं. ब्रागांझा घराण्याच्या वाड्यातलं नृत्यदालन, वरची झुंबरं, खाली लांबरुंद फरशी. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या अशाच घरांत मांडो हा गाण्यावरचा नाच रुजला. लग्नसोहळ्यात पुरुष आणि स्त्रिया समोरासमोर दोन रांगांत उभे राहत. बायकांच्या अंगावर पानो-भाजू, हातात पंखा. रांगा सरकत जवळ येत, एकमेकींना ओलांडून जात, पण स्पर्श होत नसे. पायघोळ वस्त्रांत, नजर समोरच्यावर ठेवून ही फरशी पार करायची, तर लयीला घाई परवडणारच नाही. मांडो संथ का, ते तिथे उभं राहून कळलं.

संध्याकाळी कुडतरीत एका घरी तालीम चालली होती: व्हायोलिन, गिटार आणि घुमट. मांडोचे दोन आवाज ठरावीक अंतर राखून जोडीने चालतात, आणि गिटारच्या दोन तारांवर ते अलगद बसतात. घुमट म्हणजे मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं, मागच्या लहान तोंडावर तळहाताची उघडझाप, त्यातून घुमारा कमीजास्त होतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता बकऱ्याचं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य घोषित केलं.

घुमट वाजवणाऱ्या आजोबांनी माझी गिटार बाजूला ठेवायला लावली आणि मला रांगेत उभं केलं. आधी चालायचं, वाजवणं मागाहून. मांडो सरून दुलपद लागलं, लय चढली, आणि मोजणं आपोआप थांबलं.

मग गिटार हाती घेतली. घोडीजवळ अंगठ्याच्या कडेने तारांवर थाप मारायची एक रीत आहे, तिला ‘तांबोरा’ म्हणतात. ती ढोलाचा भास देते. ही थाप मी पूर्वीही मारत असे. त्या रात्री ती पावलाच्या वजनाने पडली. ‘कानारिओस’मधली अदलाबदलही मग सहज झाली, कारण अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर कधी जातो ते पायांना ठाऊक झालं होतं.

नाचातून आलेली रचना वाजवणाऱ्याने ती एकदा तरी पायांनी शिकावी, असं मला आता मनापासून वाटतं. विदर्भात त्यासाठी लांब जायलाही नको. वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीत दंडार आहे, यवतमाळ-चंद्रपूरच्या कोलाम-गोंड वस्त्यांत ढेमसा आहे. त्यांच्या लयी मला गिटारवर लिहायच्या आहेत. हिवाळ्यात वडशाला जाईन तेव्हा वही सोबत असेल, पण ती उघडण्याआधी मी नाचणाऱ्यांच्या फेरात उभा राहीन.