सेलिगमन ते ओटमन, व्हाया कॉइल

सेलिगमन सोडलं तेव्हा मावसभावाचा १९५६चा फोर्ड एफ-१०० मजेत पळत होता. ट्रक अमेरिकन अर्थाने: पुढे केबिन, मागे उघडा हौदा. रस्ता ॲरिझोनातला, रूट ६६चा. १९२६ साली आखलेला हा महामार्ग १९८५मध्ये सरकारी यादीतून गेला, पण सेलिगमनची रया त्याआधीच गेली होती. २२ सप्टेंबर १९७८ला शेजारून आय-४० हा नवा महामार्ग सुरू झाला आणि गावातली वर्दळ एका दिवसात आटली. एंजेल डेलगडिलो या गावच्या न्हाव्याने १९८७मध्ये लोकांना जमवून संघटना उभी केली आणि जुन्या रस्त्याला ‘ऐतिहासिक’ दर्जा मिळवून दिला. जुन्या गाड्यांचे शौकीन आज इथे येतात ते त्याच्या चिकाटीमुळे.

वालापाय जमातीचं पीच स्प्रिंग्ज मागे पडलं आणि इंजिन मिसिंग मारू लागलं. हॅकबेरीच्या जुन्या दुकानापर्यंत ट्रक कसाबसा आला आणि बंद पडला.

भावाने बॉनेट उघडलं. इग्निशन कॉइलच्या काळ्या टोपीखाली, पत्रा दुमडलेला असतो तिथून, तेलाचा ओघळ उतरला होता. धूळ चिकटून त्याचा चिखल झाला होता. डबा इतका तापलेला की हात लावायची सोय नाही.

कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही हाच डबा असायचा. आत दोन गुंडाळ्या: जाड तारेचे काहीशे वेढे आणि केसासारख्या तारेचे हजारो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की बॅटरीच्या १२ व्होल्टांतून २० हजारांच्या घरातला झटका तयार होतो. व्ही-८ इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर अशा ठिणग्या सेकंदाला २०० लागतात. डब्यातलं तेल गुंडाळ्यांची उष्णता बाहेर नेतं आणि करंटला आतल्या आत उडी मारू देत नाही. ते गळून गेलं की गाडी गरम झाल्यावर मरते आणि थंड झाल्यावर, जणू काही झालंच नाही अशी, सुरू होते. माणसं मग उगाच पेट्रोल पंपावर संशय घेत बसतात.

हौद्यातल्या पेटीत जादा कॉइल होती. दोन वायरी, एक पट्टा, काम किरकोळ. भाऊ मात्र पाना हातात धरून थांबला. गळणारी कॉइल काही म्हातारी नव्हती, गेल्याच हंगामात टाकलेली.

“हिला मारलं कोणी ते आधी बघू,” तो म्हणाला आणि मीटर काढला. कॉइलचा रोध दीड ओहम. अशा कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर लागतो: स्टार्टर फिरताना पूर्ण व्होल्टेज, इंजिन चालू झालं की त्याच्यातून कमी केलेलं. इथे कुणा आधीच्या मालकाने बॅलास्ट काढून सरळ वायर जोडली होती. म्हणजे कॉइलमधून जवळपास दुप्पट करंट. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली तर पॉइंटही निळसर जळलेले.

नवी कॉइल टोपी वर ठेवून उभी बसवली. प्लसला किल्लीकडची वायर, मायनसला डिस्ट्रिब्युटरची. उलटी जोडली तरी गाडी चालते, पण प्लगच्या मधल्या, तापलेल्या टोकाला निगेटिव्ह मिळालं तर ठिणगी सहज उडते. फोर्डने १९५६ सालीच ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ सोडून १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ घेतला. त्यामुळे आदल्या वर्षाचं मॅन्युअल उघडणारे इथेच फसतात. पॉइंट घासून घेतले आणि किंगमनपर्यंत ट्रक हळू हाकला.

तिथे सुट्या भागांच्या दुकानात पांढऱ्या चिनी मातीचा बॅलास्ट सहज मिळाला. तो फायरवॉलवर, वाऱ्याच्या जागी बसवला. इंजिन चालू असताना कॉइलवरचं व्होल्टेज आता बॅटरीपेक्षा बरंच खाली होतं.

सिटग्रीव्हज खिंडीतली वळणं ट्रकने दुसऱ्या गिअरमध्ये न अडखळता चढली. ओटमनच्या रस्त्यावर गाढवं आडवी आली. खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांची ही पिलावळ. फोटोसाठी थांबल्यावर भावाने आधी किल्ली बंद केली. इंजिन बंद, किल्ली चालू आणि पॉइंट मिटलेले राहिले, तर नवी कॉइलही उभ्या उभ्या भाजून निघते. एका गाढवाने तेवढ्यात खिडकीतून डोकं घालून आमची बिस्किटं पळवली.