लोखंड नसलेली इमारत

मे 2024 मध्ये सूर्यावर मोठे उद्रेक झाले. त्या रात्री अम्मीच्या मोबाइलवर मेसेज आला, ‘घातक किरणे येणार आहेत, फोन जवळ ठेवू नका.’ अम्मीने फोन बंद करून कपाटात ठेवला. दुबईत धाकटा भाऊ रात्रभर फोन लावत राहिला. सकाळपर्यंत दोघांचाही जीव टांगणीला!

म्हणून शाळेची सहल अलिबागला निघाली तेव्हा अम्मीलाही सोबत घेतले. लोक कुलाबा किल्ला पाहून परततात. आम्ही समुद्राजवळची चुंबकीय वेधशाळाही पाहिली. तिची जुनी इमारत लोखंडाशिवाय बांधलेली आहे, कारण लोखंडाने चुंबकसुई बिघडते.

ही वेधशाळा मूळची मुंबईच्या कुलाब्याची. तिथे 1841 पासून नियमित चुंबकीय नोंदी होत. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांजवळ लख्ख प्रकाश पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी सौर वादळ पृथ्वीवर आदळले आणि अनेक देशांची तारायंत्रे कोलमडली. कुलाब्यात चुंबकीय बल सुमारे 1600 नॅनोटेस्लाने घसरल्याचे नोंदले गेले. जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. 1904 पासून इथे नोंदी सुरू आहेत.

मुलांना मी सांगितले, “सूर्यावरून विद्युतभारित कणांचा लोट येतो आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हेलावते. आपल्याला वातावरणाचे कवच आहे. त्रास होतो तो उपग्रहांना, रेडिओला, विजेच्या लांब तारांना. 13 मार्च 1989 रोजी कॅनडातल्या क्यूबेकमध्ये सुमारे 60 लाख लोक नऊ तास अंधारात होते.”

अम्मीने हळूच विचारले, “मग माझा किब्ल्याचा होकायंत्र चुकेल का गं?”

“नाही अम्मी. आपल्याकडे मोठ्या वादळातही सुई इतकी कमी हलते की डोळ्यांना कळणारसुद्धा नाही.”

“आणि फोन?”

“फोन जवळ ठेवल्याने काही होत नाही.”

परतीच्या एसटीत अम्मीने स्वतःहून भावाला फोन लावला. “बेटा, त्या रात्री मी उगाच घाबरले,” एवढेच म्हणाली. मागच्या सीटवरची मुले गप्प झाली होती.

खबर आली की आधी तहकीक करावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पुढच्या सौर वादळाचा मेसेज पुढे ढकलण्याआधी तेवढे तरी करू या.