दहा इंचांची आगगाडी

2019 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बडोद्याला गेलो. लक्ष्मीविलास राजवाडा पाहायचा हे माझ्या डोक्यात. ज्या मेजर चार्ल्स मँटने आपल्या कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला, त्याचाच हा आराखडा, असं मी वाटेत अण्णांना सांगत होते. अण्णांना राजवाड्याचं कौतुक नव्हतं. ते आले ते एका आगगाडीसाठी.

अण्णा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1996 ला निवृत्त झाले. राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह म्युझियमच्या दारात एक छोटं इंजिन ठेवलंय, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

त्याची गोष्ट अशी. 1941 साली प्रतापसिंहराव गायकवाडांनी रणजितसिंह या मुलाला तिसऱ्या वाढदिवसाला खरोखरची आगगाडी दिली. इंग्लंडहून आणलेली, रुळांमधलं अंतर सुमारे 10 इंच! आपल्याकडची जुनी मीटरगेज आठवा, तिच्या चौथा भाग. वाड्यातल्या आमराईतून ती राजपुत्रांना शाळेत पोचवायची. आज म्युझियम आहे ती इमारत म्हणजेच ती शाळा. रणजितसिंहांच्या आई शांतादेवी कोल्हापुराकडच्या हसूरच्या, म्हणजे तशा आपल्याच भागातल्या. पुढं मुलं मोठी झाली. 1956 साली गाडी सयाजीबागेत गेली आणि शहरातली पोरं तिच्यात बसू लागली. कालांतरानं इंजिन परत वाड्यात आलं, डागडुजी होऊन दारात उभं राहिलं.

रणजितसिंह 1938 चे. अण्णाही 1938 चेच. एकाला तिसऱ्या वर्षी स्वतःची गाडी. दुसऱ्यानं खानापूरजवळच्या खेड्यातून शाळेला चालत जाताना लांबून नुसता धूर पाहिला. मी हे बोलून गेले. अण्णा हसले, "पण चालवली मी जास्त," म्हणाले. (चालवली नाही, दुरुस्त केली. पण फिटरला त्यात फरक वाटत नाही.)

इंजिनापाशी ते वाकले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मी दंड धरायला गेले तर हात झटकला.

"वरून छान केलंय. आतलं उघडल्याशिवाय कळत नाही."

मग बराच वेळ सांगत बसले. इंजिन लहान म्हणून काम सोपं, असं नसतं. बॉयलर एवढासा, पाणी थोडं, म्हणून ते भराभर खाली जातं. ड्रायव्हरची नजर पाण्याच्या काचेवरून हलता कामा नये. बंद पडून राहिलेल्या बॉयलरला आधी आग लावायचीच नाही. पत्र्याची जाडी तपासायची, गंजलेल्या ट्यूबा बदलायच्या, मग गार पाणी भरून रोजच्या दाबापेक्षा जास्त दाब द्यायचा. पाणी फुटलं तर नुसतं गळतं, वाफ फुटली तर माणूस जातो. हे सगळं झाल्यावर काडी ओढायची. रंग सगळ्यात शेवटी.

शेजारी एक गुजराती कुटुंब फोटोसाठी थांबलं होतं. भाषा कळत नसूनही त्यांतला मुलगा अण्णांच्या बोटाकडे बघत राहिला.

निघताना अण्णा माझ्याकडे न बघता कानडीत पुटपुटले, "सुम्न निंतैति." उगीच उभं आहे.

मला ते इंजिनाबद्दल वाटलं. रात्री लॉजवर झोप येईना, तेव्हा लक्षात आलं की ऑपरेशननंतर मीच त्यांची अवजारांची पेटी माळ्यावर टाकली होती. जड आहे, वाकायला लागतं, आता कशाला, असं म्हणून. त्यांनी तेव्हा वाद घातला नव्हता. खुर्ची मात्र व्हरांड्यात ओढून रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले होते.

बेळगावला परतलो त्या संध्याकाळी चहा व्हायच्या आतच मी शिडी लावली. पेटी माझ्यानं उचलेना. खाली अण्णा उभे होते.

"आधी रिकामी कर," म्हणाले, "आणि पाने एकेक करून माझ्या हातात दे."