कारणाचा कॉलम

मागच्या वर्षी ऑफिसमध्ये माझ्याकडे एक छोटं काम आलं. पापुआ न्यू गिनीमधली एक संस्था घरात मारहाण झालेल्या बायकांना आसरा आणि सल्ला देते. तिच्या नोंदी कागदी फॉर्मवर होत्या, त्या मोबाइलवर आणायच्या होत्या. वय, गाव, मुलं किती, मारणारा कोण, दुखापत कुठे. मग एक रकाना होता 'कारण'. त्याखाली पर्याय: दारू, संशय, पैसे, वधूमूल्य, चेटूक, इतर.

मी सहा पर्यायांचा ड्रॉपडाऊन बनवला, फील्ड कंपल्सरी केलं आणि तिकीट क्लोज केलं. अर्ध्या तासाचं काम.

तो देश मला नकाशापुरता माहीत होता. ऑस्ट्रेलियाच्या वर, न्यू गिनी बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग. तिथून सॉलोमन बेटं, वानुआतू, फिजीपर्यंतच्या पट्ट्याला मेलानेशिया म्हणतात. एकट्या पापुआ न्यू गिनीत आठशेच्या वर भाषा आहेत. दारू आणि संशय मला कळत होते. पण वधूमूल्य हे मारहाणीचं कारण कसं असेल? म्हणून वाचायला लागलो.

आपल्याकडे हुंडा मुलीकडचे देतात. तिथे बऱ्याच समाजांत उलट आहे. मुलाकडचे मुलीच्या माहेराला देतात. पूर्वी डुकरं आणि शिंपले, आता त्यासोबत किना, म्हणजे तिथलं चलन. मला आधी वाटलं, हे तर बरंच की! आणि मुळात ती काही खरेदी नव्हतीच. मुलाचे सगळे भाऊबंद मिळून देणं जमवायचे, मुलीकडे ते सगळ्यांत वाटलं जायचं आणि दोन कुळांची सोयरीक पुढे वर्षानुवर्षं देवाणघेवाणीवर चालायची. आपल्यासाठी किती डुकरं आली हे अभिमानाने सांगणाऱ्या बायका तिथे आहेत.

पण रोख पैसा आला आणि नोकरीवाला एकटा नवराच बरीचशी रक्कम भरू लागला. मग भांडणात तो म्हणतो, मी तुझे पैसे मोजलेत. बाई माहेरी निघून आली तर मिळालेलं परत करावं लागतं, आणि ते तर कधीच वाटून, खाऊन संपलेलं असतं. त्यामुळे भाऊच तिला म्हणतात, जा परत.

टोक पिसिन ही तिथली संपर्कभाषा. तिच्यात 'बाइम' म्हणजे विकत घेणं, आणि पैसे देणं म्हणजेसुद्धा 'बाइम'च. 'मेरी' म्हणजे बाई. वधूमूल्य देण्याला 'बाइम मेरी' म्हणतात. बाईसाठी दिलं की बाई विकत घेतली, हे शब्दावरून कळत नाही. ते ऐकणाऱ्याच्या सोयीने ठरतं. हिंदीत वाचलं तर 'मेरी' म्हणजे माझी. निव्वळ योगायोग, पण मला तो बरेच दिवस टोचत राहिला.

1996 मध्ये वेस्टर्न हायलँड्स प्रांतातल्या मिंज भागात मिरियम विलिंगल नावाच्या मुलीचा सौदा ठरला. तिचे वडील पोलिसांच्या कारवाईत मारले गेले होते. वडिलांच्या आजोळच्या कुळाने त्यांच्या कुळाकडे भरपाई मागितली. पैसे, डुकरं आणि लग्नासाठी मुलगी. ती मुलगी म्हणजे मिरियम. ती नाही म्हणाली. तिला शिकायचं होतं. एका मानवी हक्क संघटनेने कोर्टात धाव घेतली आणि 1997 मध्ये न्यायमूर्ती सलामो इंजिया यांनी निकाल दिला की ही मागणी तिच्या घटनात्मक हक्कांच्या विरुद्ध आहे.

हे प्रकरण दिसतं तितकं सरळ नव्हतं. त्या देशाची घटना प्रथेलाही कायद्याचा एक आधार मानते. त्या कुळांच्या मते ते मुलगी विकत नव्हते, मोडलेलं नातं जोडत होते. मला ते खोटं वाटत नाही. पण प्रथा काय आहे हे ठरवायला जे बसले होते, त्यांच्यात मिरियम नव्हती. ज्या संसदेत कायदे होतात तिथे 2017 च्या निवडणुकीत 111 जागांपैकी एकाही जागेवर बाई निवडून आली नाही. 2022 मध्ये 118 पैकी दोन आल्या.

ड्रॉपडाऊनमधलं 'चेटूक' मला त्यानंतर कळलं. फेब्रुवारी 2013 मध्ये माउंट हेगन शहरात वीस वर्षांच्या एका तरुण आईला चेटकीण ठरवून लोकांसमोर जिवंत जाळलं. एक लहान मुलगा आजाराने गेला, त्याचं खापर तिच्यावर फुटलं. चेटकाला खरं मानून चालणारा तिथला 1971 चा कायदा त्याच वर्षी रद्द झाला. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला तोही 2013 मध्येच, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर. नंदुरबारकडे बाईला 'डाकीण' ठरवून मारल्याच्या बातम्या मी स्क्रोल करत पुढे गेलेलो आहे.

डेमोच्या कॉलवर तिथल्या एक समुपदेशक बाई होत्या. बाकी सगळं त्यांना आवडलं. 'कारण' दिसल्यावर त्या थांबल्या. हा रकाना जुन्या फॉर्ममध्येच होता, पण आता बदल करतोच आहोत तर काढून टाका, म्हणाल्या. मी म्हटलं, रिपोर्टिंगसाठी उपयोगी डेटा आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, समोर बसलेल्या बाईला आपण कारण विचारतो तेव्हा ती काय सांगते? मारताना तो जे ओरडत होता, ते. म्हणजे आपण त्याची सबब तिच्या तोंडून लिहून घेतो.

प्रश्न कसा विचारला जातो याने किती फरक पडतो, ते मला आधीच समजायला हवं होतं. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरुषांवरचा एक अभ्यास आला. त्यात पापुआ न्यू गिनीचं बोगनवील बेटही होतं. तिथे बऱ्याच कुळांत जमीन आईकडून लेकीकडे जाते, आणि यादवीच्या काळात लढणाऱ्यांशी बोलायला बायका जंगलात गेल्या होत्या. प्रश्नावलीत 'बलात्कार' हा शब्द नव्हता, फक्त कृतींबद्दल विचारलं होतं. तू असं केलं आहेस का? तिथल्या निम्म्याहून जास्त पुरुषांनी हो म्हटलं.

मी 'कारण' काढलं आणि तिथे 'त्याने काय केलं' असा मोकळा रकाना ठेवला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ताई आली तेव्हा तिचं मनगट काळंनिळं होतं. आई चहा टाकायला आत गेली. मी विचारलं, "भांडण कशावरून झालं?" ती थोडा विचार करून म्हणाली, "भाजीत मीठ जास्त पडलं होतं." मी म्हणालो, "एवढ्याशा कारणावरून?" म्हणजे कारण मोठं असतं तर चाललं असतं. चार दिवसांनी तिला स्टँडवर सोडायला मीच गेलो. आमच्याकडे परत करायला डुकरं नव्हती, किना नव्हते. उलट आम्हीच दिलं होतं. तरीही.

रिलीज झाला त्या रात्री मी ताईला फोन केला. म्हटलं, त्या दिवाळीचं मला नीट सांग. कशावरून ते राहू दे. त्यांनी काय केलं ते सांग.

ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "थांब, दार लावते."