जर्नलवरची सही

अकरावीच्या प्रवेशाचा हंगाम आला की वसई-विरारमधले पालक आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात: कॉलेजला रोज यावे लागते का? मी इथे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि हा प्रश्न मला आता नवा राहिलेला नाही. विचारणाऱ्यांना दोष देण्याचे कारणही नाही, कारण त्यांचा हिशेब नियमाला धरूनच असतो. एमबीबीएसची गुणवत्ता यादी लागते ती नीट या प्रवेश परीक्षेच्या 720 गुणांवर. बारावीकडून हवे असते एवढेच की भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के पडावेत आणि इंग्रजीत पास व्हावे. पन्नास आणि पंचाण्णव यांत प्रवेशापुरता काहीच फरक नसेल, तर दोन वर्षांचे तास, प्रयोगशाळा आणि भाषेचे वर्ग हे कुणालाही ओझेच वाटणार. मग नाव कॉलेजात घालायचे आणि मुलाने दिवसभर क्लासला बसायचे. ‘टाय-अप’, ‘इंटिग्रेटेड’, ‘डमी’ हे शब्द नायगावपासून विरारपर्यंत घराघरांत कळतात. याला पळवाट म्हणणे मला पटत नाही. नियमानेच ही वाट आखून दिली आहे. ती बदलायची तर नीट मोडायची गरज नाही. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकाला आणि भाषेला पात्रतेच्या अटीत खरे स्थान दिले पाहिजे, एवढे माझे म्हणणे आहे.

मेडिकलला जाण्याआधी मुलाने काय शिकलेले असावे, याचे उत्तर आपल्याकडे सतत बदलत आले. मुंबई विद्यापीठात एकेकाळी अकरावी एसएससीनंतर फर्स्ट इयर सायन्स आणि मग इंटर सायन्स अशी दोन वर्षे असत. इंटरला जीवशास्त्राचा बी ग्रुप घेतलेली मुले त्या गुणांवर ग्रँट मेडिकल, जी. एस. मेडिकल किंवा नायरच्या कॉलेजात जात. वसईच्या मुलांना इंटरसाठी लोकलने मुंबई गाठावी लागे. 1970च्या दशकात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला, ती दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात आली आणि बराच काळ बारावीच्या पीसीबीच्या गुणांवर प्रवेश होत राहिले. पुढे राज्याची सीईटी आली. 2013 साली पहिली नीट झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि एप्रिल 2016 मध्ये तो निकाल मागे घेतल्यावर ती देशभर लागू झाली. प्रत्येक टप्प्यावर वर्गातल्या आणि प्रयोगशाळेतल्या अभ्यासाचे वजन थोडे थोडे उतरत गेले. जुन्या नियमांत निदान शब्द तरी होते: अकरावी-बारावीला या विषयांचा दोन वर्षे नियमित अभ्यास, प्रात्यक्षिकांसह. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये ती अट सैल केली. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देणाऱ्यालाही आता नीटला बसता येते. ज्याला उशिरा ही वाट सुचली त्याच्यासाठी हे दार उघडले, ते चांगलेच झाले. पण त्यासोबत प्रात्यक्षिकाची अपेक्षा कागदावरूनही विरळ झाली, आणि त्याबद्दल कुणी फारसे बोलले नाही.

हाताने केलेल्या कामाची किंमत आयोगाला कळत नाही, असे मी म्हणणार नाही. 2024 च्या नीटसाठी अभ्यासक्रम नव्याने ठरला तेव्हा भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यांचा आणि रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांमागच्या तत्त्वांचा स्वतंत्र घटक घातला गेला. व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, साधा लंबक, ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन, सगळे त्यात आहे. पण विचारले जाते ते चार पर्यायांतून एक गोल काळा करण्यापुरते. त्यासाठी ब्युरेट डोळ्यांनी पाहिलेला असण्याचीही गरज नाही. शेवटच्या थेंबाला फ्लास्कमधला द्रव फिकट गुलाबी होतो आणि तसाच राहतो. एक थेंब जास्त पडला की वाचन फुकट. मग पुन्हा भरायचे, पुन्हा सोडायचे, तीन वाचने जुळेपर्यंत. वाचने जुळली नाहीत तर पुन्हा करायचे की वहीत जुळवून लिहायचे, हा प्रश्न मुलांना सोळाव्या-सतराव्या वर्षी इथे पहिल्यांदा पडतो. पुढे रुग्णाचा रक्तदाब लिहिताना हाच प्रश्न त्यांच्यासमोर रोज असणार आहे. जीवशास्त्राला तर नीटमध्ये निम्मे गुण, 720 पैकी 360, आणि त्यात प्रयोगाचा वेगळा घटकच नाही. पुस्तकातल्या आकृतीत पेशीविभाजनाची प्रत्येक अवस्था ठसठशीत छापलेली असते. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की कळते, बहुतेक पेशी विभाजनात नसतातच. हवी ती अवस्था शोधावी लागते आणि सापडली तरी ती आकृतीसारखी दिसत नाही. छापील आणि प्रत्यक्ष यांतले हे अंतर ज्याला माहीत नाही, त्याला आपण वर्षभरात शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे करतो.

इथे आम्हा शिक्षकांचा वाटा मला लपवायचा नाही. राज्य मंडळाच्या बारावीला जीवशास्त्राची लेखी परीक्षा 70 गुणांची आणि प्रात्यक्षिक 30 गुणांचे. ते तीस गुण कसे पडतात, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वर्षभर न आलेली मुले जानेवारीत जर्नल उतरवून काढतात, प्रयोगांना मागच्या तारखा पडतात, आणि हा विद्यार्थी प्रयोग करून गेला आहे असे सांगणाऱ्या प्रमाणपत्राखाली सही होते. ती सही आम्ही करतो. मुलाचे वर्ष जाऊ नये ही त्यामागची भावना खरी असते, पण सही खोटीच असते. नियमाने प्रात्यक्षिकाला किंमत ठेवली नाही, म्हणून आम्हीही ठेवली नाही. एवढाच बचाव आम्हाला आहे, आणि तो अपुरा आहे.

वसईत राहून जीवशास्त्र नुसते पाठ करणे मला अधिकच खुपते. तिवराची श्वसनमुळे नायगाव आणि पाणजूच्या खाडीत ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली दिसतात. मिठागरे रेल्वेच्या खिडकीतून दिसतात. परासरण शिकवायला याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळायची? तुंगारेश्वरचे अभयारण्य एसटीच्या अंतरावर आहे. जुलै 2018 च्या पुरात लोकल बंद पडल्या, मिठागरातले कामगार अडकले; अशा पाण्यातून चालून आलेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिसचा धोका का असतो, उंदराच्या मूत्राचा त्याच्या पायावरच्या जखमेशी काय संबंध, हे इथल्या मुलाला पुस्तकाबाहेर येऊन समजू शकते. क्लासच्या मॉड्यूलमध्ये या रोगाचा जिवाणू एका ओळीत येतो आणि त्यावर प्रश्न आला तर उत्तर बरोबर येते. बरोबर उत्तर आणि समज या दोन्ही गोष्टी डॉक्टरला लागतात. आज आपण त्यातली एकच मोजतो.

भाषेचे नुकसान याहून मोठे आहे असे मला वाटते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. पहिली ते दहावी मराठी सक्तीची करणारा कायदा 2020 साली झाला. अकरावीपासून ती सक्ती संपते. विज्ञान शाखेत द्वितीय भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येते आणि गुण चांगले पडतात म्हणून बहुतेक मुले तेच घेतात. इंग्रजी नुसते पास व्हायचे असते, तेही मार्गदर्शिकेतून होते. म्हणजे भाषेत विचार मांडायचा सराव ज्या वयात पक्का व्हायचा, त्याच वयात तो थांबतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची कोंडी दुहेरी: विज्ञान अचानक इंग्रजीत, आणि आधाराला मराठीही नाही. पालघर जिल्ह्यातला रुग्ण मराठी बोलतो, वाडवळी बोलतो, सामवेदी बोलतो, जव्हार-मोखाड्याकडे वारली बोलतो, नालासोपाऱ्यात हिंदी आणि गुजराती बोलतो. पोटात ‘कळ येते’, ‘मुरडा येतो’ आणि ‘जळजळतं’ या तीन तक्रारींतला फरक ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या निदानाची सुरुवातच चुकते. हे मी भाषाप्रेमापोटी सांगत नाही. आयोगाच्या आधीच्या भारतीय वैद्यकीय परिषदेने 2019पासूनच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा शिकवायचा विषय केला आणि सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत भाषेलाही जागा दिली. प्रवेशानंतर जे ठिगळ लावावे लागते, ते आधीच्या दोन वर्षांत फाटले होते म्हणूनच लावावे लागते.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप असा की बारावीच्या गुणांवर भरवसा ठेवायचा कसा? मंडळे वेगळी, तपासणी वेगळी, आणि अंतर्गत गुण तर उधळलेले. 2021 साली करोनामुळे बारावीची परीक्षा रद्द झाली आणि राज्याचा निकाल 99.63 टक्के लागला. अशा आकड्यांवर देशातल्या एमबीबीएसच्या जागा वाटता येणार नाहीत. हा आक्षेप मला मान्य आहे. नीट येण्यापूर्वी खासगी कॉलेजांच्या वेगवेगळ्या परीक्षा आणि देणग्यांचे व्यवहार यांनी सामान्य घरांचे काय केले, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच मी बारावीचे गुण गुणवत्ता यादीत मिसळायला सांगत नाही. गुण मिसळले की ते फुगतात, हे आपण अनुभवले आहे. प्रात्यक्षिक ही फक्त पार करायची पायरी असावी: पास किंवा नापास. ज्या कॉलेजात मूल शिकले तिथे नव्हे, तर तालुक्यातल्या दुसऱ्या केंद्रावर, बाहेरच्या परीक्षकासमोर, चिठ्ठीने निघालेला एक प्रयोग करून दाखवायचा आणि त्यावर तोंडी उत्तरे द्यायची. पास-नापास असल्याने एकेका गुणासाठी दबाव येणार नाही, आणि केंद्र परके असल्याने सही कुणाच्या भिडेखातर होणार नाही. अमेरिकेत मेडिकलला जाण्याआधी जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय महाविद्यालयात प्रयोगशाळेसह केलेले असावेत अशी अपेक्षा बहुतेक ठिकाणी असते आणि वर एमकॅट ही प्रवेश परीक्षाही असते. परीक्षा आहे म्हणून प्रयोगशाळेचे काम माफ, असा अर्थ तिथे कुणी लावला नाही.

दुसरे लोक म्हणतात, क्लासमध्ये शिकवणे चांगले असते, मग कॉलेजचा हट्ट कशाला? क्लासमधले अनेक शिक्षक उत्तम आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण ते जे शिकवतात त्याची फी सगळ्यांना झेपत नाही, आणि एका वर्षात झाले नाही तर ‘ड्रॉप’ घेऊन दुसरे, तिसरे वर्षही भरावे लागते. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने 2021 मध्ये दिलेल्या अहवालात 2020-21 साली मेडिकलला प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा परीक्षा दिलेल्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर दाखवले. एक वर्ष घरी बसून तयारी करणे ज्याला परवडते, त्याच्याकडे यादी झुकते. केवळ हजेरीची सक्ती करूनही हे सुटणार नाही. जून 2018 मध्ये राज्य शासनाने विज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, 2024 मध्ये सीबीएसईने अचानक तपासण्या करून डमी शाळांची संलग्नता काढली, तरी टाय-अप चालूच आहेत. ज्या कामाला शेवटी किंमत नाही तिथे अंगठा उमटवून मन बसत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो: प्रात्यक्षिकाची अट कडक केली तर ज्यांच्या कॉलेजात प्रयोगशाळाच धड नाही, त्या मोखाड्या-विक्रमगडच्या मुलांचेच नुकसान होईल. भीती खरी आहे. तरीही आज त्या मुलांना काय मिळते ते पाहा. प्रयोगशाळा नाही हे कुणाला दिसतही नाही, कारण जर्नल भरलेले असते. अट आली तर ती उणीव दरवर्षी निकालात उघडी पडेल आणि शासनाला ब्युरेट, सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळा साहाय्यक द्यावे लागतील. ते देईपर्यंत अट लावू नये, हेही मला मान्य आहे; आधी दोन वर्षे सामग्री, मग परीक्षा, असा क्रम ठेवावा. भाषेबाबत तर खर्चही नाही. राज्याच्या 85 टक्के जागांसाठी बारावीला बोलीव्यवहारापुरती मराठी पास होण्याची अट ठेवली, तर नालासोपाऱ्यातल्या हिंदीभाषक मुलालाही दोन वर्षांत ती सहज जमेल.

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर वसई-विरारच्या पालकांकडे एक मागणे आहे. यंदा अकरावीला प्रवेश घेताना कटऑफ आणि क्लासची वेळ यांच्याबरोबर कॉलेजकडे प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक मागा, आणि प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. आठवड्याला प्रत्येक विषयाचे एक प्रात्यक्षिक, एवढा वेळ नीटच्या तयारीतूनही निघतो. आणि जानेवारीत कोरे जर्नल घेऊन मूल समोर आले, तर त्यावर सही करू नका, असे मी माझ्या सहकाऱ्यांना सांगते.